तांबड्या समुद्राची मोजणी, 1829 ते 1834 : पार्श्वभूमी

मुंबईहून सुएझकडे निघालेले शिडाचे जहाज तांबड्या समुद्रात होता होईल तो मधल्या खोल पाण्यातून जाई. दोन्ही काठांना प्रवाळ होते आणि हाती असलेले नकाशे तुटक. किनाऱ्यालगत जायचे तर अरब वाटाड्या लागे आणि तो उजेडातच चाले. दिवस कलला की एखाद्या 'शर्म'मध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीतल्या अरुंद खाडीत, नांगर टाकायचा.

वाफेच्या जहाजाला हे परवडणारे नव्हते. मुंबईच्या गोदीत बांधलेले 411 टनांचे 'ह्यू लिंडसे' 20 मार्च 1830 ला सुएझला निघाले, तेव्हा कोठारात मावेना म्हणून खोल्यांतही कोळसा भरला होता. एडनला पोचायला 11 दिवस लागले आणि तोवर कोळसा संपत आला होता. वाटेत कोळसा भरायला बंदरे हवी होती, आणि त्यांत शिरायच्या वाटा माहीत हव्या होत्या. मोजणीचे काम 1829 मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या नौदलाकडे, बॉम्बे मरीनकडे (1830 पासून इंडियन नेव्ही) आले होते. उत्तरेचा भाग 'पॅलिन्युरस' जहाजावरचे अधिकारी मोर्सबी यांच्याकडे गेला, दक्षिणेचा 'बेनारिस' जहाजावरचे अधिकारी एल्वन यांच्याकडे.

खोली मोजायचे साधन होते शिशाचे वजन आणि खुणा बांधलेली दोरी. हाताने टाकायचे वजन 7 ते 14 पौंडांचे, खोल पाण्यासाठी 28 पौंडांचे. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरे फडके, सातवर लाल, म्हणजे अंधारातही हाताला खूण कळावी. (एक वाव सहा फुटांचा.) वजनाच्या बुडाशी खळगा, त्यात चरबी, तिला वाळू की चिखल चिकटला यावरून तळ ओळखायचा. कोकण किनाऱ्यावर ही दोरी भरवशाची, कारण तिथे तळ हळूहळू चढतो आणि जमीन जवळ आल्याचे आधीच कळते. प्रवाळ असा इशारा देत नाही. शंभर वावांवर थांग लागत नाही आणि पुढच्याच फेकीला तीन वाव! तोवर जहाज खडकावर चढलेले असते.

म्हणून इथे भिस्त डोळ्यांवर. डोलकाठीवर माणूस, पुढे खोली मोजणाऱ्या होड्या, आणि सूर्य उंच व पाठीमागे. सकाळी पश्चिमेकडे जायचे, दुपारनंतर पूर्वेकडे. गडद निळे पाणी खोल, हिरवट उथळ, तपकिरी दिसले तर खडक. सूर्य समोर आला किंवा ढग आले की रंग जातात आणि काम थांबते.

अशी टिपलेली ठिकाणे कागदावर बसवायला किनाऱ्यावर पाया लागे. सपाट वाळूत साखळीने एक रेघ मोजायची, टोकांना निशाणे रोवायची आणि तिथून त्रिकोण वाढवत न्यायचे. जमीन नसेल तिथे तोफ उडवून ठिणगी व आवाज यांच्यातले सेकंद मोजत. आवाज सेकंदाला सुमारे 1,100 फूट जातो. अर्ध्या सेकंदाची गफलत झाली की साडेपाचशे फूट गेले.

अक्षांशाची अडचण वेगळीच. तापलेल्या हवेने क्षितिज वरखाली दिसते, त्यामुळे डेकवरून घेतलेली सूर्याची उंची चुकते. उपाय म्हणजे किनाऱ्यावर पाऱ्याची थाळी ठेवून तिच्यातले प्रतिबिंब वापरणे. पण सेक्स्टंटला (कोन मोजायच्या उपकरणाला) तेव्हा दुप्पट कोन मोजावा लागतो आणि त्याची धाव साधारण 120 अंशांपर्यंतच. उन्हाळ्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, म्हणून रात्री तारे बघायचे. रेखांश घड्याळांवरून काढत. चार सेकंदांची चूक म्हणजे एक कला (अंशाचा साठावा भाग), जवळपास एक सागरी मैल. उष्णतेने घड्याळाची चाल बदलते, म्हणून एकाऐवजी अनेक घड्याळे, आणि रेखांश ठाऊक असलेल्या जागी परतून पुन्हा ताळा. जहाजांना अचूक वेळ मिळावी हा कुलाब्याच्या वेधशाळेमागचा (1826) एक हेतू होता.

काम 1834 मध्ये संपले. मोर्सबी तिथून मालदीव आणि पुढे हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या मोजणीला गेले. पुढे 'पॅलिन्युरस'वरूनच हेन्स या नौदल अधिकाऱ्यांनी अरबस्तानचा दक्षिण किनारा मोजला; त्यात एडन आले आणि जानेवारी 1839 मध्ये इंग्रजांनी ते घेतले. कोळशाचा प्रश्न असा सुटला.

नकाशा झाला तरी होड्यांच्या दोन फेऱ्यांमध्ये एखादा सुळका सुटू शकत होता, आणि माहीत असलेला खडकही रात्री दिसत नाही तो नाहीच. सुएझहून मुंबईला निघालेली 'कार्नॅटिक' ही आगबोट सप्टेंबर 1869 मध्ये, सुएझचा कालवा उघडायला दोन महिने असताना, मध्यरात्रीनंतर तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाकडच्या अबू नुहासच्या प्रवाळावर चढली.