‘ड्युको’ गेला, रबिंग राहिले: गाडीच्या पॉलिशर मशीनची पार्श्वभूमी

विदर्भात तालुक्याच्या गावी डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांत जुने कारागीर गाडीच्या रंगाला अजून ‘ड्युको’ म्हणतात आणि चकाकी आणण्याच्या कामाला ‘रबिंग’. हे दोन्ही शब्द ज्या रंगासोबत आले, तो रंग आजच्या कारवर नसतो. त्याच्यासाठी घडलेली हाताची सवय मात्र टिकून आहे. पॉलिशर मशीन कोणते घ्यावे, हे ठरवण्याआधी हा फरक समजून घेणे आवश्यक आहे.

सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीप्रमाणेच ब्रशने व्हार्निश लावून रंगवल्या जात आणि सगळे थर वाळायला काही आठवडे लागत. 1920 च्या दशकात अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने फवाऱ्याने मारता येणारा, लवकर वाळणारा ‘ड्युको’ रंग आणला आणि 1924 च्या ‘ओकलंड’ ब्रँडच्या मोटारींवर तो निळ्या रूपात दिसला. त्याचा आधार होता नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेले कापसाचे सेल्युलोज. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतूही त्यासाठी वापरले जातात, ही गोष्ट कापसाच्या मुलखात सांगण्याजोगी आहे. हा रंग थिनर उडून गेल्यावर वाळे, परंतु पृष्ठभाग मंद राही, आणि त्यामुळे चकाकी घासूनच काढावी लागे. कंपाउंड (म्हणजे घासून चकाकी आणणारी पेस्ट), लोकरीचा बफ (म्हणजे गोल पॅड) आणि तो फिरवणारे रोटरी मशीन ही त्रयी वर्कशॉपमध्ये रुळली ती या गरजेतून.

रोटरी मशीनचा बफ एकाच अक्षाभोवती, मिनिटाला साधारण 600 ते 3,000 फेरे घेतो. तो रंगाचा थर झपाट्याने कापतो, पण एका जागी उष्णताही साठवतो. अँबेसेडर, पद्मिनी किंवा जुन्या जीपच्या एकथरी रंगावर हे बरेचसे खपून जाई, कारण रंग आणि चकाकी एकाच थरात असत आणि थोडा थर गेला तरी खाली तोच रंग निघे. अशा गाडीवर कंपाउंड घासले की फडक्याला गाडीचा रंग लागतो, आणि जुन्या गाडीचा थर ओळखण्याची ही खूण आजही उपयोगी पडते.

1980 च्या दशकापासून रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट ही पद्धत जगभर पसरली. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ असतो, आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. जुन्या हाताने त्यावर लोकरीचा बफ दाबला, तर उन्हात गोल-गोल धूसर छटा उमटतात, ज्यांना होलोग्राम म्हणतात; दरवाजाच्या कडेवर तर क्लिअर पार निघून जातो आणि तेथे पुन्हा फवारा मारण्यावाचून उपाय उरत नाही.

यावरचा तोडगा लाकूड आणि धातू घासणाऱ्या रँडम ऑर्बिटल सँडरमधून आला. ड्युअल ॲक्शन पॉलिशरमध्ये पॅड मोटरच्या मध्याहून थोडा बाजूला बसवलेला असतो. तो छोट्या वर्तुळात हलतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे घर्षण एका जागी साचत नाही. फार दाबले की त्याचे फिरणे थांबते व नुसती थरथर उरते. नवशिक्याला हीच त्रुटी वाचवते. पॅडच्या प्लेटवर मार्करने रेघ ओढावी, ती फिरायची थांबली की दाब हलका करावा. या हालचालीच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला थ्रो म्हणतात, 8 मिलिमीटरपासून वाढत गेला, आणि 1947 साली स्थापन झालेल्या इटलीच्या रुपेस कंपनीने 15 व 21 मिलिमीटरची मशीन रुळवली. बॉनेट आणि छताला 21 चालते, पण बंपरच्या वळणांवर 15 अधिक सावरता येते. एकच मशीन घ्यायचे असेल, तर माझे मत 5 इंची प्लेटच्या 15 मिलिमीटर मशीनकडे झुकते.

चारइंची ग्राइंडरला बफ लावून काम भागवण्याचा मोह मात्र टाळावा. तो मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेतो आणि कापण्यासाठी बनलेला आहे, क्लिअर कोटवर त्याला काहीही काम नाही.

गावाकडे ओरखडे कशाने येतात, हेही पाहावे लागते. पांधणीवरून आलेल्या गाडीवरची धूळ कोरड्या दुपट्ट्याने झटकण्याची सवय सर्वत्र आहे, आणि त्या धुळीत क्लिअर कोटहून कठीण असे गारेचे (क्वार्ट्झचे) कण असतात. मशीन फिरवण्यापूर्वी गाडी भरपूर पाण्याने धुतली नाही, तर पॅडच तेच कण घासत बसतो. पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलडाणा भागांच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्याचे थेंब सुकून पांढरे डाग पडतात. त्यावर थेट कंपाउंड न चालवता आधी पातळ केलेले पांढरे व्हिनेगर लावून धुऊन पाहावे, कारण बरेच डाग त्यानेच जातात आणि थर शाबूत राहतो. वैशाखात पत्रा इतका तापतो की कंपाउंड पॅडखालीच सुकून धूळ होते. म्हणून काम पहाटे किंवा गाडी सावलीत थंड झाल्यावर, दोन फूट लांब-रुंद तुकड्यांत, मऊ फोम व बारीक पॉलिशने सुरू करावे. एका तुकड्यावर चाचणी घेऊन ओरखडे गेले नाहीत, तरच त्याहून कापणारा पॅड लावावा.