पवनचक्की बसवायची आहे? आधी वारा मोजू

गच्चीवर संध्याकाळी इतका वारा असतो की वाळत घातलेले कपडे चिमट्यांसकट उडतात, मग त्या वाऱ्यावर घरची वीज का निघू नये, असं विचारत बरीच मंडळी आमच्याकडे येतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही छोट्या पवनचक्क्या बसवतो, सोलरही बसवतो. तरी मुंबईतल्या बहुतेक इमारतींच्या गच्चीवर पवनचक्की हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो, आणि हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो.

१ किलोवॅट कधी मिळतो?

पवनचक्कीवर लिहिलेला १ किलोवॅटचा आकडा साधारणपणे सेकंदाला ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वाऱ्याचा असतो. असा वारा मुंबईत पावसाळी वादळात येतो, रोज नाही. शिवाय वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला, की वीज निम्मी मिळत नाही, आठवा हिस्सा मिळते. दुपारी दर्यावरून येणारा वारा समजा सेकंदाला ३ मीटरचा असेल, तर तीच १ किलोवॅटची पवनचक्की जेमतेम २० वॅट देते. घरातला जुना सीलिंग फॅन ७० ते ७५ वॅट खातो. वारा अंगाला छान लागतो, पण त्यावर पंखासुद्धा चालत नाही.

आता वर्षाचा हिशेब. सरासरी वेग ३ मीटर धरला आणि मधूनमधून येणारे जोराचे झोत जमेस धरले, तर वर्षाला फार तर २०० ते २५० युनिट निघतील. बिलात वाचणारं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. म्हणून ते १२ रुपयांचं धरू. बचत ३,००० रुपये. पाती, खांब, कंट्रोलर, इन्व्हर्टर आणि बसवणी मिळून खर्च समजा दीड लाख आला, तर तो वसूल व्हायला ५० वर्षं लागतील. यंत्राचं आयुष्य १५ ते २० वर्षं. बेअरिंग, रंगकाम आणि बॅटरी घेतलीत तर ती बदलणं, हे यात धरलेलंच नाही.

शेजारची इमारत आणि खारा वारा

पवनचक्कीला सरळ, सलग वारा लागतो. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, शेजारचा टॉवर यांना आपटून आलेला वारा घुसळतो, पात्यांना झटके देतो आणि वीज कमी करतो. साधा नियम असा, की दीडशे मीटरच्या आत जे काही सर्वात उंच असेल, त्याच्याही वर किमान ९ मीटर पाती हवीत. नवे टॉवर उभे राहताहेत अशा गल्लीत हे कसं जमायचं? खांब उंच केला तर गच्चीच्या स्लॅबवर ताण येतो, वॉटरप्रूफिंगला भोकं पडतात. समुद्राकाठी खारी हवा नटबोल्ट खाते. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवा; त्या दिवशी गच्चीवर लोखंडी खांब असता तर?

सुरुवातीच्या काळात समुद्राजवळच्या एका सोसायटीत आम्ही स्वतः पवनचक्की बसवली होती. रात्री वरच्या मजल्यावरच्या आजींना भिंतीतून घरघर ऐकू यायची. पलंगाच्या कडेला हात लावला, की कंप जाणवायचा. खांबाखाली रबराचे पॅड घालूनही तो थांबला नाही. शेवटी आम्ही ती काढली आणि पैसे परत केले. तेव्हापासून मोजणी केल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

मग गच्चीवर काय?

सोलर. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास मिळतात. ३ किलोवॅटचे वर्षाला ४,००० च्या घरात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि सोसायटीच्या पंप, लिफ्ट, जिन्याच्या दिव्यांसारख्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. पवनचक्कीला ही योजना लागू नाही. जून ते ऑगस्ट ऊन कमी आणि वारा जास्त असतो, हे खरं. पण तीन महिन्यांसाठी वेगळा खांब उभारणं परवडत नाही.

गावच्या घराचं मात्र वेगळं. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी, वनकुसवडे इथल्या पठारांवर मोठ्या पवनचक्क्या उगाच उभ्या राहिल्या नाहीत. तुमचं घर अशा उघड्या माळावर किंवा कोकणात सड्यावर असेल आणि वीज सारखी जात असेल, तर छोटी पवनचक्की, सोलर आणि बॅटरी ही जोडी खरोखर उपयोगी पडते. नारळी-पोफळीत लपलेल्या वाडीतल्या घराला मात्र नाही. तिथे वारा माडांच्या शेंड्यावरूनच निघून जातो.

येताना गेल्या १२ महिन्यांची वीजबिलं आणा. गच्चीच्या मध्यावर उभं राहून चारही दिशांचे फोटो काढा, पश्चिमेचा नक्की. सोसायटी असेल तर कमिटीतलं कुणीतरी सोबत असू द्या, कारण गच्ची सगळ्यांची असते. जागा बरी वाटली तर आम्ही तीन वाट्यांचा वेगमापक खांबावर लावतो आणि पावसाळ्यातला एक महिना, उन्हाळ्यातला एक महिना नोंदी घेतो. मोजणीचा कागद तुमच्याकडे राहील. तो दाखवून दुसरीकडून दर मागवलात तरी आमची हरकत नाही.