महाराष्ट्रातील हिवाळा

महाराष्ट्रातील हिवाळा : परतीचा पाऊस निघून गेल्यानंतर होळीपर्यंत चालणारा, कोरड्या हवेचा आणि गार रात्रींचा काळ. लोकांच्या लेखी तो दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. भारतीय हवामान विभाग मात्र जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोनच महिने हिवाळ्याचे धरतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ त्याच्या हिशेबात मोसमोत्तर म्हणून वेगळा असतो. पंचांगातले हेमंत (मार्गशीर्ष, पौष) आणि शिशिर (माघ, फाल्गुन) हे दोन ऋतू शेतकऱ्याच्या अनुभवाला अधिक जुळतात, कारण उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भातली कडाक्याची थंडी पुष्कळदा डिसेंबरातच पडते.

लांब समुद्रकिनारा लाभलेले हे राज्य संपूर्णपणे उष्ण कटिबंधात येते. त्यामुळे इथल्या हिवाळ्याला बाहेरचे लोक फारसा मान देत नाहीत. पण जानेवारीतल्या एकाच पहाटे रत्नागिरीत पंखा चालू असतो आणि निफाडच्या मळ्यात द्राक्षाच्या पानांवरचे दव गोठलेले असते. महाराष्ट्राचा हिवाळा एक नाही, अनेक आहेत. त्यांतला फरक उंचीमुळे पडतो, असे सहज वाटते. पण उंचीपेक्षा समुद्रापासूनचे अंतर, हवेचा कोरडेपणा आणि जमिनीचा सखलपणा यांचा वाटा मोठा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मी.हून उंच, तरी तिथल्या वेधशाळेतले जानेवारीचे सरासरी किमान तापमान सुमारे १३ ते १४ अंश सेल्सिअस असते. त्याच्या निम्म्या उंचीवरही नसलेल्या नाशिकचे सुमारे १० अंश भरते. या एका तुलनेत पुढचे बरेचसे आले.

थंडी कशी पडते

भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी प्रक्षोभ (कमी दाबाची वादळी क्षेत्रे) हिमालयात बर्फ पाडून पूर्वेकडे सरकले, की त्यांच्या मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून खाली उतरतात. खानदेश, नाशिक आणि पश्चिम विदर्भ यांना ते आधी लागतात. सोलापूर-कोल्हापूरपर्यंत पोचता पोचता त्यांची धार कमी होते. पण वारा हे निम्मेच कारण. उरलेले काम त्या त्या गावची रात्र करते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, की दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते. जमिनीलगतची हवा गार झाली की जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत नदीकाठी, ओढ्यात, खोलगट रानात साचते. म्हणूनच टेकडीवरच्या वस्तीपेक्षा खालच्या मळ्यात जास्त गारठा असतो. हे शेतकऱ्याला पुस्तकावाचून ठाऊक असते : रात्री पाण्याची पाळी असली, की मळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात पाय बधिर होतात, हे तो डोळे मिटून सांगेल.

याच कारणाने थंडी नाजूक असते. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला आणि त्याचे ढग मराठवाड्यावर आले, की किमान तापमान एका रात्रीत चार-पाच अंशांनी चढते. ढग म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडीच. अशी आभाळी हवा लोकांना सुखाची वाटते, पण तूर, हरभरा आणि द्राक्ष यांच्यावर कीड-रोग वाढवते. त्यामुळे रब्बीच्या शेतकऱ्याला ढगापेक्षा थंडी बरी वाटते.

‘थंडीची लाट’ ही वर्तमानपत्रांची आवडती संज्ञा असली, तरी तिला ठरलेला अर्थ आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असले, तर लाट मानतात. ते ४ अंशांवर किंवा त्याखाली गेले, तर सरासरी न पाहताही मानतात. किनाऱ्यासाठी ही मर्यादा १५ अंशांची आहे, कारण सागरी हवेत वाढलेल्या अंगाला १५ अंशही बोचतात.

कोकण आणि मुंबई

कोकणात हिवाळा म्हणजे पहाटेचे दोन-तीन तास. समुद्र रात्रीही उबदार असतो आणि दमट हवा जमिनीची उष्णता सहजी निसटू देत नाही. रत्नागिरीचे जानेवारीचे सरासरी किमान तापमान १८ ते १९ अंशांच्या घरात राहते. दुपारी मात्र पारा ३१ अंशांवर जातो आणि ऐन जानेवारीत राज्यातल्या सर्वांत उष्ण ठिकाणांत किनाऱ्यावरची गावे येतात. किनाऱ्यापासून थोडे आत, चढावर वसलेल्या दापोलीत चित्र बदलते. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तिथे पारा अधूनमधून १० अंशांच्या आसपास उतरतो.

रात्री व सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे आणि दुपारनंतर उलट येणारे खारे वारे यांच्या पाळीवर किनाऱ्याचा दिवस चालतो. मतलई वारा जोरात असला आणि खारा वारा यायला उशीर झाला, की मुंबईत जानेवारीतही ३५ अंशांपर्यंत ऊन तापते. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२चा. त्याच थंडीत तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या कुलाब्याला पारा ११.७ अंशांवर थांबला. एकाच शहरात समुद्र किती अंश राखून देतो, हे यातून नेमके कळते. मुंबईच्या हिवाळ्याची दुसरी बाजू मात्र त्रासाची आहे. वारे मंदावतात, वर उबदार आणि खाली गार असा हवेचा थर बसतो आणि वाहनांचा धूर व बांधकामांची धूळ त्याखाली अडकते. सकाळी समुद्रावर दिसणारा करडा पडदा धुक्याचा नसून धुरक्याचा असतो. दम्याच्या रुग्णांसाठी मुंबईतले हेच महिने सर्वांत कठीण असतात.

भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर रायगडात वाल होतो. त्याच्या शेंगा भरल्या, की अलिबागकडे पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, वांगी, बटाटे, कुणाच्या मडक्यात अंडी नाहीतर कोंबडीही; तोंड पाल्यानेच बंद करून मडके पालथे घालतात आणि भोवती पालापाचोळा पेटवतात. पाण्याचा थेंब न घालता शिजलेल्या त्या शेंगांना येणारा पाल्याचा वास हीच उत्तर कोकणातल्या थंडीची खरी ओळख आहे. पावसाळा संपल्यावर घाटावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात तेही याच सुमारास. कापलेल्या शेतांत त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, बसतात आणि शेताला लेंडीखत मिळते.

घाटमाथा

‘महाबळेश्वर गोठले’ अशी बातमी दरवर्षी येते आणि ती अर्धी खरी असते. गोठते ते वेण्णा तलावाचा काठ आणि लिंगमळ्याचा सखल भाग. तिथे बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर, मोटारींच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पहाटे दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पांढरे होऊन बसते. वर पठारावरच्या वेधशाळेत त्याच पहाटे पारा कित्येक अंशांनी वर असतो, कारण तिथली गार हवा घरंगळून याच खोलगटीत आलेली असते. सातपुड्यातही अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात असेच दव गोठते.

इथल्या थंडीवर वाढणाऱ्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. पाऊस ओसरताना रोपे लावतात आणि फळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून येऊ लागतात. दिवस उबदार आणि रात्र गार, ही जोडी तिला मानवते. दहिवर मात्र फूल काळे पाडते.

नाशिक, खानदेश, पुणे

नाशिकचा नोंदलेला नीचांक ०.६ अंशाचा असून तो ७ जानेवारी १९४५ रोजीचा आहे. अलीकडे थंडीच्या बातम्यांत नाशिकच्याही पुढे निफाडचे नाव असते. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तापमान मोजले जाते आणि गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातले ते सपाट, बागायती रान गार हवा साठवायला जणू मुद्दाम केलेले आहे. गव्हाला ही थंडी हवीच : ती लांबली तर फुटवे चांगले येतात आणि दाणा भरतो. द्राक्षाला तीच घातक. पाणी उतरू लागलेल्या, म्हणजे पिकू लागलेल्या मण्याची साल रात्री आखडते आणि सकाळच्या उन्हात मणी तडकतो. मग बागायतदार पहाटे तीन-चारला उठून ठिबक चालू करतात, ओळींच्या मधे शेकोट्या पेटवून धूर करतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते, हा त्यामागचा विचार. वर्षभराच्या कर्जाचे गणित अशा चार-पाच रात्रींवर टांगलेले असते. ‘गुलाबी थंडी’ हा शब्द निफाडच्या बागेत कुणी उच्चारत नाही.

निफाडजवळच्याच नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत याच दिवसांत उत्तरेकडचे स्थलांतरित पक्षी उतरतात. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा.

जळगावात थंडीचा फटका केळीला बसतो. पारा १० अंशांखाली राहिला, की पोगा (न उलगडलेले नवे पान) अडकतो, पाने पिवळी पडतात, घड सावकाश भरतो; शेतकरी याला ‘चरका’ म्हणतात. पण खानदेशी माणसाला हिवाळा म्हटले की आधी भरीत आठवते. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारी घरे चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा खाऊ लागतात. बामणोदकडची हिरवी, पांढरट रेघांची मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसोबत ठेचून केलेले भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी यांना गॅसवरच्या भरताची सर येत नाही.

पुण्याचा नीचांक १.७ अंशांचा, १७ जानेवारी १९३५चा. या शहरातला हिवाळा मोहल्ल्यागणिक बदलतो. पाषाणात हुडहुडी भरत असताना वडगाव शेरी, मगरपट्टा या दाट बांधकामाच्या भागांत त्याच पहाटे पारा पाच-सहा अंशांनी जास्त असतो. काँक्रीट दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहते. पुण्याची थंडी पूर्वीसारखी राहिली नाही, ही तक्रार म्हणूनच शहराच्या कोणत्या भागातून येते, हे पाहायला हवे.

मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भ

मराठवाड्यात काळी जमीन आणि कोरडी हवा यांमुळे दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक १५ अंशांहून मोठा होतो. रब्बीची ज्वारी पावसाने मुरवलेल्या ओलीवर आणि दवावर पिकते. दाणा दुधाळ असतानाच कणसे खुडून आगटीत भाजतात आणि गरम कणीस हातावर चोळून हुरडा काढतात. गूळ, दही, लसणाची किंवा तिळाची चटणी बरोबर असते. शहरांतून आता हुरडा पार्टीच्या सहली निघतात. चांगलेच आहे, कारण हुरड्याच्या गोड वाणांना त्यामुळे गिऱ्हाईक उरले.

याच मराठवाड्यातून, विशेषतः बीडमधून, दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. उसाच्या पाचटाच्या कोपीत (झोपडीत), नदीकाठच्या गारठ्यात, लहान मुलांसह त्यांचा अख्खा हिवाळा जातो आणि कोयता पहाटेच सुरू होतो. महाराष्ट्रातली सर्वांत बोचरी थंडी कोणत्याही वेधशाळेत नसून या कोपीत आहे, असे मी म्हणेन.

विदर्भ समुद्रापासून सर्वांत दूर. उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश नोंदले गेले आणि १९३७चा ३.९ अंशांचा जुना नीचांक मागे पडला. विदर्भात गोंदिया पुष्कळदा नागपूरहून गार असते. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते आणि ते डिसेंबरात भरत असल्याने ‘हिवाळी अधिवेशन’ हा शब्द राज्यभर रुळला.

फेब्रुवारी उजाडला की विदर्भ-मराठवाड्यावर उत्तरेची कोरडी हवा आणि उपसागरावरून येणारी दमट हवा समोरासमोर येतात. त्यातून गारपीट होते. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट कित्येक दिवस चालली आणि उभा गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब झोपवून गेली. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना, बुलढाणा भागात पुन्हा तोच प्रकार झाला.

थंडी आणि फुलोरा

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) आणि कोकणातला हापूस, राज्याच्या दोन टोकांची ही दोन फळे, एकाच गोष्टीची वाट पाहतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीने आणि पाणी तोडल्याने संत्र्याचे झाड ताणावर जाते, वाढ थांबते आणि पुन्हा पाणी मिळताच फुलांनी भरते. हापूसला कोरड्या, गार रात्री सलग मिळाल्या, तर पालवीऐवजी मोहोर येतो. दिवाळीनंतर पाऊस रेंगाळला, तर झाड पालवीवर जाते आणि बाजारात आंबा उशिरा पोचतो. ढगाळ हवेत मोहोरावर तुडतुडे आणि भुरी पडते.

थंडी गरजेपेक्षा लांबली, तरी बागायतदार धास्तावतो. फळे वाटाण्याएवढी झाली असताना जानेवारीच्या अखेरीस पुन्हा पारा उतरला, की त्याच काडीवर दुसरा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचा जीवनरस नव्या मोहोराकडे वळतो आणि आधी धरलेली कणी गळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यावर जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केली आहे. फवारणी नेमक्या वेळी पडली, तर पहिल्या मोहोराची फळे टिकतात आणि पाडव्याच्या सुमारास पेट्या घाट चढू लागतात.