रंध्याखाली लाकूड उचकटतं ते नेमकं का?

शिसमची फळी, ताजी धार लावलेला रंधा, अर्धी फळी मस्त गुळगुळीत होते आणि मग मध्येच कर्र आवाज येऊन खपल्या निघतात. पुण्यात हौसेने सुतारकाम करणारा आमचा एक ग्रुप आहे, रविवारी सकाळी एकाच्या पार्किंगमध्ये जमतो, तिथे असली फळी घेऊन कोणी ना कोणी येतंच आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, धार गेली. धार हवीच, त्यात वाद नाही, पण खपल्या निघण्याचं कारण बऱ्याचदा धारेच्या पुढे असतं, लाकडाच्या आत.

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीत उभ्या असलेल्या लांबट बारीक पेशी, म्हणजेच तंतू, लिग्निन नावाच्या लाकडातल्याच पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या. त्या लांबीत ओढून तोडायला प्रचंड जोर लागतो, पण एकमेकींपासून सोलून काढायला कितीतरी कमी. त्यामुळे पातं दरवेळी कापतंच असं नाही, ते वरचा थर नुसता उचलतं आणि लाकूड धारेच्या पुढे पुढे फाटत जातं. दातांनी ऊस सोलताना साल जशी दात पोचायच्या आधीच फाटत जाते तसंच. आता तंतू वरच्या दिशेला जात असतील तर फाट बाहेर निघून जाते, काही बिघडत नाही, पण तंतू खाली फळीच्या पोटात जात असतील तर फाटही त्यांच्याबरोबर खाली उतरते, छिलका (रंध्यातून निघणारी लाकडाची पातळ पट्टी) वाकून मोडतो आणि मागे खड्डा राहतो. मिशिगन विद्यापीठातल्या नॉर्मन फ्रान्झ यांनी 1958 मध्ये लाकूड कापलं जाताना छिलका कसा सुटतो याचे तीन प्रकार मांडले, त्यातला हा पहिला. दुसऱ्या प्रकारात फाट पुढे पळतच नाही, छिलका धारेपाशीच सलग सुटतो आणि पृष्ठभाग सुंदर येतो. तिसऱ्यात लाकूड पात्यापुढे चेंगरलं जातं, बोथट पात्याने पृष्ठभाग केसाळ होतो तो हा.

सरळ रेषांच्या सागाला उपाय सोपा, फळी फिरवून उलट्या बाजूने रंधा मारायचा. शिसम, ऐन, आंबा यांच्यात मात्र बऱ्याचदा तंतू काही वर्षं डावीकडे तिरके वाढतात आणि पुढची काही वर्षं उजवीकडे, म्हणजे एकाच फळीत शेजारशेजारचे पट्टे उलटसुलट. अशा फळीला सुलट बाजूच नसते!

इथे कामाला येतो चिपब्रेकर, म्हणजे पात्यावर स्क्रूने आवळलेली ती दुसरी लोखंडी पट्टी. पुण्याच्या बोहरी आळीतल्या दुकानातून चार किंवा पाच नंबरचा (हे रंध्याच्या आकाराचे नंबर) लोखंडी रंधा घेतलात तर ती असतेच, पण पुष्कळ जण ती नुसती पातं घट्ट धरायला आहे असं समजून धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे ठेवतात. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या यासुनोरी कावाई आणि चुतारो कातो यांनी हे कापणं मोठं करून चित्रित केलंय, सुतारकाम करणाऱ्या प्रत्येकाने बघावंच असं आहे ते. पट्टी धारेपासून साधारण 0.1 मिलिमीटरवर आणली की सुटलेला छिलका लगेच तिच्यावर आपटतो, पट्टी त्याला मागे आणि खाली दाबते, आणि फाटीला पुढे पळायला वावच राहत नाही. अंतर वाढवलं की हा परिणाम उतरत जातो.

0.1 मिलिमीटर म्हणजे प्रिंटरच्या साध्या कागदाची जाडी, त्यामुळे सेट करताना डोळ्यासमोर तेवढंच अंतर ठेवायचं, धारेची चमकती रेघ जेमतेम दिसली पाहिजे. त्याआधी पट्टीचं पुढचं टोक धार लावायच्या दगडावर, म्हणजे ऑइलस्टोनवर घासून साधारण 50 अंशाला आणायचं आणि पातं-पट्टी उजेडासमोर धरून बघायचं, फट दिसली तर छिलके तिच्यात अडकणार. आमच्यातला एक आयटीवाला मुलगा परवा ग्रुपमधल्या ज्येष्ठ काकांना म्हणाला, "काका, पट्टी अजून थोडी पुढे घ्या ना, छिलका अजून गोल वळतोय." अगदी बरोबर बघितलं त्याने, कारण पट्टी नीट काम करायला लागली की छिलका गोल न वळता सरळ वर उभा येतो. आणि तो बारीक सुरकुतून एकॉर्डियनसारखा यायला लागला तर पट्टी फारच पुढे गेलीय, रंधा ढकलायला जड जाणार, थोडी मागे घ्यायची.

एकेरी पात्याचा जुना लाकडी रंधा असेल तर पट्टी नाही, पण कोन बदलता येतो. पातं 45 अंशात बसलेलं असेल तर त्याच्या सपाट बाजूला धारेपाशी 15 अंशाचा अगदी बारीक उतार घासायचा, कापण्याचा कोन 60 अंश होतो आणि छिलका उचलला जाण्याऐवजी पुढे ढकलला जातो. जोर मात्र जास्त लागतो, म्हणून मऊ पाइनसाठी हे करू नये, तिथे 45 अंशच बरे. मी स्वतः शिसमसाठी एक पातं असा उतार देऊन वेगळं ठेवलंय आणि शेवटचे हात त्यानेच मारतो, तेही छिलका कागदाहून पातळ ठेवून, कारण पातळ छिलक्यात मुळात एवढी ताकदच नसते की तो पुढचं लाकूड उचकटेल.