११८–११०: जुन्या लढतींना घरबसल्या गुण देण्यामागची पार्श्वभूमी

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कुणी एकाच बाजूला फार झुकून बोलायला लागला की त्याला हटकतात, "काऊन बे, एकशेअठरा देऊन रायला का?" ग्रामपंचायतीच्या गप्पांत हे चालतं, तळेगावच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, कोणती जोडी सरस यावरून जुंपली तरी चालतं. आकडा आला कुठून, हे असं हटकणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसतं. तो आला लास वेगासहून, ६ एप्रिल १९८७ च्या रात्रीच्या एका बॉक्सिंग लढतीतून, आणि आमच्या ओसरीपर्यंत पोहोचायला त्याला एकोणीस वर्षं लागली.

आमचा नाद साधा आहे. जुनी व्यावसायिक लढत लावायची, आवाज बंद करायचा, वहीत बारा घरं आखायची आणि प्रत्येक फेरी संपली की मधल्या एका मिनिटात कुणाला दहा आणि कुणाला नऊ ते लिहून टाकायचं. मागं नेऊन पाहायचं नाही. शेवटी बेरीज करायची, मग खऱ्या पंचांचे आकडे काढायचे आणि भांडायचं. बॉक्सिंगची आवड असलेले लोक जगभर हेच करतात. आमच्याकडं फरक एवढाच की वही कापूस वेचणीची असते.

या नादाचं मूळ शोधायला फार मागं जायचं कारण नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळत नाही. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे दिले, तीन मिनिटांची फेरी दिली, दहा आकड्यांची मोजणी दिली. दोघंही शेवटपर्यंत उभेच राहिले तर जिंकलं कोण, याचं कोष्टक मात्र त्यात नव्हतं. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ या काळात जो कायदा होता त्यात गुणांवर निकाल द्यायला परवानगीच नव्हती. कुणी आडवा झाला नाही तर लढत निकालाविना संपायची. पण पैज लावलेल्या माणसाला निकाल लागतोच. मग रिंगजवळ बसलेले वार्ताहर आपापल्या मतानं विजेता ठरवायचे, दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापायचे आणि त्यावर पैशांची देवाणघेवाण व्हायची. दोन वर्तमानपत्रांचे दोन विजेते, असंही व्हायचं. अधिकार काही नाही, मत मात्र ठाम. आमच्या वहीचे पूर्वज हेच. १९२० च्या कायद्यानं पंचांना निकाल द्यायचा हक्क मिळाला आणि बाकीच्यांना त्या निकालावर बोंब मारायचा.

इथं मराठीतली एक गुंतागुंत सांगायला हवी. आपल्याकडं निकाल देणारा तो पंच, रिंगमध्ये दोघांना सोडवणारा तोही पंच, आणि वर्तमानपत्रवाले ठोशालाही पंच म्हणतात. "पंचांनी पंचकडं दुर्लक्ष केलं" असं वाक्य मी स्वतः वाचलेलं आहे. पूर्वी हा घोळ फार नडत नव्हता, कारण रिंगमधला माणूसही गुण द्यायचा. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कात जो फ्रेझियरनं मुहम्मद अलीला हरवलं तेव्हा दोन पंच बाहेर आणि तिसरं कार्ड, म्हणजे गुणांचं पान, खुद्द रेफ्रीचं होतं. तेव्हा तिथं फेऱ्या मोजायचे: ९–६, ११–४, आणि ८–६ अधिक एक फेरी बरोबरीची. आता मोठ्या लढतींत रेफ्री गुण देत नाही. म्हणून आम्ही आतला तो रेफ्री, बाहेरचे तिघं पंच, आणि मारलेला तो बुक्का, अशी वाटणी करून घेतली आहे.

फेऱ्या मोजण्याची पद्धत जाऊन दहा गुणांची पद्धत सगळीकडं रुळली. फेरी जिंकणाऱ्याला दहा द्यायचेच, हरणाऱ्याला नऊ. कुणी खाली पडला तर बहुधा आठ. ऐकायला सोपं वाटतं, आणि सगळी भांडणं इथंच पेरलेली आहेत. एकदा वेचणीचा हिशेब करताना मी हे आईला समजावून सांगितलं. एका बाईनं दिवसभरात चाळीस किलो वेचलं, दुसरीनं एकोणचाळीस, तर नोंद १०–९. उद्या पहिलीनं चाळीस आणि दुसरीनं वीस वेचलं, तरी नोंद १०–९. आई वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "असा हिशोब केला तं परवाच्यान वेचाले एक बाई येनार नाई." बॉक्सिंगमध्ये मात्र हाच हिशोब चालतो. सात फेऱ्या एकेका बुक्क्याच्या फरकानं मिळवा आणि पाच फेऱ्यांत भरपूर मार खा, कार्डावर ११५–११३ नं तुम्हीच जिंकलात. बरोबरीची फेरी द्यायला मनाई नाही, पण पंचांनी ती शक्यतो देऊ नये असा रिवाज आहे. त्यामुळं जिथं मन ठरत नाही तिथंही हात ठरवून टाकतो.

आणि मन ठरवायचं कशावर? स्वच्छ बसलेला बुक्का, परिणामकारक चढाई, रिंगवरचा ताबा, बचाव. या चारांत पहिला मोठा, हे सगळे मानतात. किती मोठा, हे कुणी सांगत नाही.

१९८७ ची लढत याच फटीत अडकली. मार्व्हिन हॅगलर १९८० पासून मिडलवेट या वजनगटाचा राजा. शुगर रे लेनर्ड पाच वर्षांत एकच लढत खेळलेला, डोळ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेला. वाटाघाटीत लेनर्डनं पैसा हॅगलरला जास्त जाऊ दिला आणि त्याबदल्यात तीन गोष्टी पदरात पाडून घेतल्या: मोठी रिंग, आठऐवजी दहा औंसाचे हातमोजे, आणि पंधराऐवजी बारा फेऱ्या. बारा फेऱ्यांची पद्धत तेव्हा नवीच होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा एक तरुण मुष्टियोद्धा चौदाव्या फेरीत कोसळून पुढं वारला, त्यानंतर एका जागतिक संघटनेनं पंधराच्या बारा केल्या आणि बाकीच्या मागून आल्या. म्हणजे जी सवलत जीव वाचवायला आली होती, ती इथं सौद्यात वापरली गेली. माझं मत विचाराल तर लढत तिथंच निम्मी संपली होती. हॅगलर तेराव्या फेरीपासून समोरच्याला जड जाणारा गडी होता आणि तेरावी फेरीच उरली नाही.

पहिल्या दोन फेऱ्या हॅगलर आपली डावखुरी ठेवण सोडून उजव्या हाताच्या माणसासारखा उभा राहिला. का, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. त्या दोन्ही लेनर्डला जातात. आमच्या वहीतल्या एकाही कार्डात तिथं वाद नाही. पुढं हॅगलर डावखुरा झाला, चालून जाऊ लागला, पाचव्या फेरीत त्यानं लेनर्डला खालून वर मारलेल्या एका बुक्क्यानं हलवलं. नवव्या फेरीत दोघं दोरांशी असे भिडले की पाहणारा श्वास घ्यायला विसरतो. पण लेनर्ड फेरीची दोन-अडीच मिनिटं सरकत राहायचा आणि शेवटच्या तीसेक सेकंदांत एकदम झड लावायचा. पावसाळ्यात दिवसभर आभाळ कोरडं राहावं आणि दिवेलागणीला धो-धो पडावं, की लोक म्हणतात आज लय पानी आलं. पंचाच्या डोळ्यापुढं शेवटचं चित्र तेच राहायचं. याला फेरी चोरणं म्हणतात. मी चोरणं म्हणत नाही. दार उघडं ठेवलं होतं ते पद्धतीनं.

तीन कार्डं आली. एक ११५–११३ हॅगलरला, एक ११५–११३ लेनर्डला. तिसरं ११८–११० लेनर्डला, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या. लेनर्ड जिंकला असं म्हणणारे आजही पुष्कळ सापडतील, पण दहा फेऱ्या जिंकला म्हणणारा शोधावा लागतो. हा निकाल चुकीचा ठरला नाही, पण नासला तो त्या एका कार्डामुळं. गंमत अशी की तो पंच तिथं मुळात बसणारच नव्हता. आधी एका इंग्रज पंचाचं नाव होतं; हॅगलरच्याच माणसांनी हरकत घेऊन त्याला बदलायला लावलं. त्या इंग्रज पंचानं मग ती लढत टीव्हीवर पाहिली, स्वतःचे गुण मांडले, आणि त्याच्या हिशोबानं हॅगलर जिंकला होता. घरबसल्या भरलेल्या कार्डांतलं याहून महाग कार्ड मला माहीत नाही. हॅगलर पुन्हा कधी लढला नाही. मार्च २०२१ मध्ये तो गेला.

आमच्याकडच्या लोकांना हे सगळं पटकन का भिडलं, त्याचं कारण बॉक्सिंगमध्ये नाही. सरकारी कापूस खरेदीच्या दिवसांत, म्हणजे १९७२ नंतरची बरीच वर्षं, केंद्रावर गाड्यांची रांग लागायची. ग्रेडर यायचा, गाडीत हात खुपसून मूठभर कापूस काढायचा, दोन बोटांनी ताणून पाहायचा आणि प्रत सांगून पुढं जायचा. वर्षाचा भाव त्या मुठीत. माणूस प्रामाणिक असो की नसो, एका नजरेचा निकाल आणि त्यावर दाद नाही, हे आमच्या बापजाद्यांनी बॉक्सिंग न पाहता पाहिलेलं होतं. म्हणून काकाजींनी पहिल्यांदा ते तिसरं कार्ड ऐकलं तेव्हा त्यांनी बॉक्सिंगचं काही विचारलं नाही. "त्यानं मूठ कुठून भरली होती?" एवढंच विचारलं. गाडीच्या वरच्या थरातून की तळातून, हा अर्थ.

१९८७ नंतरचं सगळं त्याच वाटेनं गेलं, म्हणून थोडक्यात. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अंतिम लढतीत रॉय जोन्सनं ८६ बुक्के बसवले, कोरियन खेळाडूनं ३२, ही एका वाहिनीची मोजणी. निकाल ३–२ नं कोरियन खेळाडूकडं. त्यानंतर हौशी बॉक्सिंगनं पंचांनी बुक्का बसला की बटण दाबायचं असं यंत्र आणलं, ते २०१२ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये चाललं आणि मग तेही दहाच्या पद्धतीवर परतलं. व्यावसायिक बाजूला मार्च १९९९ मध्ये लुईस–होलिफिल्ड लढत बरोबरीत सुटली. मोजणीत लुईसचे ३४८ बुक्के बसलेले, होलिफिल्डचे १३०. पाचवी फेरी लुईसनं धुऊन काढली होती आणि एका पंचानं तीच होलिफिल्डला दिली होती. पुढं चौकशीत चित्रफीत पाहिल्यावर त्या पंचानं कबूल केलं की पडद्यावर दिसलं ते आपल्या खुर्चीतून तसं दिसलं नव्हतं. हे वाक्य आमच्यातला एक जण वारंवार काढतो, कारण त्या वाक्यानं आमच्या सगळ्या नादाच्या मुळाशी हात घातला आहे. आपण पाहतो ते कॅमेऱ्याचं. पंच पाहतो ते एका बाजूच्या दोरांमधून, मध्ये रेफ्रीची पाठ आली तरी. मग आपलं कार्ड जास्त खरं की फक्त जास्त आरामात भरलेलं?

जून २०१२ मध्ये तर एका संघटनेनंच आमचं काम केलं. पॅकियाओ–ब्रॅडली लढतीचा निकाल ब्रॅडलीकडं गेला, जग खवळलं, तेव्हा संघटनेनं पाच पंचांना चित्रफीत दाखवून नव्यानं गुण द्यायला लावले. पाचही जणांनी पॅकियाओला जिंकवलं. निकाल बदलला नाही. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिम्पिकमध्ये चित्रफितीनं निकाल बदललाही, आणि तो आपल्याविरुद्ध. आपला वेल्टरवेट गटातला मुष्टियोद्धा १३–११ नं जिंकला होता; अमेरिकेनं अपील केलं, फीत पाहून त्याचे मिठी मारण्याचे आणि तोंडातला गार्ड थुंकण्याचे फाउल काढले, चार गुण पलीकडं गेले, १५–१३. आम्ही तिसरी फेरी पुन्हा पाहिली. मिठ्या होत्या. तरी आमच्या वहीत तो जिंकलेलाच आहे. याबाबतीत आम्ही तटस्थ नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये अल्वारेझ–गोलोव्हकिन लढतीत एका पंचानं पुन्हा ११८–११० लिहिलं, शहर तेच लास वेगास. त्या दिवशी गावात हा आकडा नव्यानं फिरला.

आमच्या वहीचा इतिहास याहून आखूड. २००६ च्या उन्हाळ्यात नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून कुणीतरी जुन्या लढतींची एक सीडी आणली. भारनियमनाचे दिवस, रात्री कधी लाइन राहील याचा भरवसा नाही. ओसरीत टीव्ही, आवाज बंद, कारण आतल्या खोलीत बुढी झोपलेली आणि इंग्रजी समालोचन तसंही कुणाला कळत नव्हतं. पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं की मुरलेले लोक मुद्दामच आवाज बंद ठेवतात, समालोचक कानात निकाल घालतो म्हणून. पहिली लढत हॅगलर–लेनर्ड. मी वेचणीच्या वहीच्या मागच्या पानावर घरं आखली. शेजारचा एक जण सारखा म्हणत होता, "अबे, यानं मारलं कुठी? हा तं नुसता नाचून रायला." नववी फेरी संपली, मी हॅगलरला दहा लिहिले आणि लाइन गेली. सकाळी सीडी लावली तर शेवटचा भाग अडकत होता. पान तसंच राहिलं: नऊ फेऱ्या, हॅगलर पाच, लेनर्ड चार, खाली तीन घरं कोरी.

ती तीन घरं मी २०१७ मध्ये भरली, मोबाइलवर फोर-जी आल्यावर, शेतातल्या मचाणावर बसून. दोन लेनर्डला, एक हॅगलरला. वरच्या नऊ घरांची शाई निळी, खालच्या तिघांची काळी, बेरीज ११४–११४. काकाजींना पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही शाया पाहिल्या आणि वही परत दिली. "हे कार्ड चालत नाई. वरचे नऊ एका पोरानं लिवले, खालचे तीन दुसऱ्या मान्सानं."