फ्रेमवर्क शिकताना नेमके काय अडते?

लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरणारा प्रोग्रॅमर हवी ती मेथड (कोडचा नाव दिलेला तुकडा) हव्या त्या वेळी बोलावतो आणि प्रोग्रॅमचा ओघ त्याच्याच हातात राहतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे क्लासच्या रूपात मिळणाऱ्या प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यात, हे नाते उलटे होते: आपण फक्त ठरावीक जागा भरतो आणि तो कोड कधी चालवायचा हे फ्रेमवर्क ठरवते. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट या संगणकतज्ज्ञांनी १९८८ मध्येच या उलट्या नियंत्रणाकडे लक्ष वेधले होते. नवशिक्यांना शेकडो क्लास (ऑब्जेक्ट घडवण्याचे साचे) पाहून धडकी भरते हे खरे, पण माझ्या मते त्यांची खरी दमछाक हा न दिसणारा ओघ करतो.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी लिहिलेले जेयुनिट हे कोडच्या चाचण्यांचे छोटेसे फ्रेमवर्क पाहा. समजा, एका क्लासमध्ये दोन चाचण्या आहेत. पहिली चाचणी क्लासमधल्या एका साध्या फील्डची (ऑब्जेक्टमधली किंमत साठवण्याची जागा) किंमत शून्यावरून एक करते, आणि नंतर चालणाऱ्या दुसरीला मात्र तिथे पुन्हा शून्यच सापडते. शिकणारा आपल्याच ओळी पुनःपुन्हा तपासत बसतो, पण चूक तिथे नसतेच. एका चाचणीचा परिणाम दुसरीवर होऊ नये म्हणून जेयुनिट एरवी प्रत्येक चाचणीसाठी त्या क्लासचा नवा ऑब्जेक्ट तयार करते. हा निर्णय अतिशय योग्य आहे. मात्र आपल्या फाइलमध्ये त्याचा मागमूसही नसतो.

म्हणूनच बहुतेक डेव्हलपर डॉक्युमेंटेशन सलग वाचण्याऐवजी एखादे चालते उदाहरण घेऊन त्यात फेरफार करत शिकतात. याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण फ्रेमवर्कचे वागणे अनेक क्लासच्या सहकार्यातून घडते आणि क्लासवार संदर्भसूचीत ते सहकार्य दिसत नाही. जॉन्सन यांनी १९९२ मध्ये हॉटड्रॉ या चित्ररेखाटनाच्या फ्रेमवर्कची माहिती ‘अमुक काम करायचे असेल तर काय करावे’ अशा पॅटर्नच्या रूपात मांडली, ती याच गरजेपोटी.

उदाहरणावरून शिकण्यात एक उणीव मात्र राहते: नियम पाळला जातो, पण तो नियम आहे हे कळत नाही. अँड्रॉइडमध्ये ॲक्टिव्हिटीची (ढोबळमानाने ॲपचा एक स्क्रीन) ‘ऑनक्रिएट’ मेथड नव्याने लिहिताना मूळ क्लासची तीच मेथड बोलावावी लागते. नकललेल्या कोडमध्ये ती ओळ असते तोवर सारे सुरळीत चालते. निरुपयोगी समजून ती काढली, की ॲप सुरू होतानाच बंद पडते.

अशा वेळी आपल्या मेथडवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम तिथे थांबवणारी खूण) लावून डीबगरमधला, म्हणजे चालता प्रोग्रॅम तपासण्याच्या साधनातला, कॉल स्टॅक (कोणत्या मेथडने कोणती बोलावली याची यादी) वाचावा. आपल्याला कोणी बोलावले, त्याला कोणी बोलावले, ही सगळी साखळी तिथे नावानिशी दिसते, आणि पुढे फ्रेमवर्कचा कोणता कोड उघडून वाचायचा तेही समजते.