खोल तळ्यात मासा नेमका कुठे असतो?

अमेरिकेत टेनेसी आणि केंटकी या राज्यांच्या सीमेवर डेल हॉलो नावाचा जलाशय आहे. ओबी नदीवर 1943 मध्ये धरण पूर्ण झालं आणि विलो ग्रोव्ह नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं. पाणी नितळ, काठ खडकाळ आणि उभे, सर्वांत खोल जागी तळ सुमारे 40 मीटरवर. 9 जुलै 1955 रोजी डेव्हिड हेज यांनी इथे 11 पौंड 15 औंसांचा, म्हणजे जवळपास 5.4 किलोंचा स्मॉलमाउथ बास पकडला. तो जागतिक विक्रम आजही मोडलेला नाही. वॉलआय हा दुसरा लोकप्रिय मासाही इथे आहे. पण नवख्या माणसाला हे तळं सहजासहजी दाद देत नाही.

तळं खोल म्हणजे मासा खोल, असं आपण धरून चालतो. घोळ तिथेच होतो. उन्हाळ्यात अशा तळ्यातलं बरंचसं पाणी या दोन माशांच्या दृष्टीने ओसाडच असतं. त्यांना मानवेल असा पट्टा काही मीटरांचाच असतो आणि तो सापडला की निम्मं काम झालं.

हा पट्टा तयार होतो पाण्याच्या घनतेमुळे. पाणी सर्वांत जड असतं 4 अंश सेल्सिअसला. ऊन वाढतं तसं वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतं. वाऱ्याने वरचा थर ढवळला जातो, पण खालच्या थरात तो मिसळू शकत नाही. या दोहोंच्या मध्ये एका पातळ थरात तापमान झपाट्याने उतरतं, दर मीटरला एक अंश किंवा त्याहूनही जास्त. हाच थर्मोक्लाइन. डेल हॉलोच्या धरणाखाली ट्राउटचं सरकारी मत्स्यबीज केंद्र आहे. ट्राउट गार पाण्यातला मासा, आणि टेनेसीच्या उन्हाळ्यात त्याला लागणारं गार पाणी मिळतं ते जलाशयाच्या खोल थरातून.

थर्मोक्लाइनच्या खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून पडणारा जैविक गाळ कुजताना तिथला प्राणवायू संपत जातो. नितळ तळ्यात तो जास्त टिकतो, गढूळ आणि शेवाळी तळ्यात ऑगस्टपर्यंत तळाशी मासा जगणंही कठीण होतं. वर पाणी कोमट, खाली प्राणवायूची वानवा, म्हणून छोटे मासे थर्मोक्लाइनच्या आसपास गर्दी करतात आणि त्यांच्यामागे बास आणि वॉलआय येतात.

हा थर शोधायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. फिश फाइंडर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं चित्र दाखवणारं यंत्र, असेल तर त्याची संवेदनशीलता वाढवा, पडद्यावर आडवा धूसर पट्टा दिसू लागतो. नसेल तर दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारा, टोकाला वजन आणि किमान तापमानाची नोंद धरून ठेवणारा थर्मामीटर बांधा. प्रत्येक गाठीवर दोन मिनिटं थांबायचं, वर ओढायचं, आकडा लिहायचा. जिथे आकडा एकदम खाली येतो ती गाठ लक्षात ठेवा. मग ही खोली ज्या जागी तळाला भिडते तिथे गळ टाका: पाण्यात शिरलेली डोंगराची सोंड, बुडालेला जुना रस्ता, घराचा चौथरा. मोकळ्या पाण्यापेक्षा अशा जागा मला नेहमीच जास्त भरवशाच्या वाटतात.

मात्र वारा हा पट्टा हलवतो. दोन दिवस एकाच दिशेने वारा वाहिला की तापलेलं पाणी पलीकडच्या काठाला लोटलं जातं. तिथे थर्मोक्लाइन खाली दबतो आणि वारा येतो त्या बाजूला वर उचलला जातो. कालच्या खोलीवर आज मासा लागत नाही तो बऱ्याचदा यामुळे.

वॉलआयच्या बाबतीत प्रकाशाचाही हिशेब करावा लागतो. त्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, मांजरासारखा. अंधुक उजेडात त्याला भक्ष्य दिसतं, पण भक्ष्याला तो नीट दिसत नाही. म्हणून नितळ पाण्यात भर दुपारी त्याच्यामागे लागण्यापेक्षा संधिप्रकाश किंवा रात्र निवडावी. रात्री होडीतून पाण्यावर दिवा सोडला की सूक्ष्म प्लवक जमतात, प्लवकांसाठी छोटे मासे येतात आणि उजेडाच्या कडेला, काळोखात, वॉलआय घुटमळतो. आमिष तिथेच हवं, दिव्याच्या मधोमध नको.

हिवाळ्यात सगळं पाणी मिसळतं आणि थर्मोक्लाइन नाहीसा होतो. पाणी 10 अंशांखाली गेलं की बास उभ्या कड्यांजवळ, खाली कितीही खोल असलं तरी, तीन-चार मीटरवर अधांतरी थांबतात. पूर्व टेनेसीत यासाठी ‘फ्लोट अँड फ्लाय’ ही पद्धत रुजली. लांब काठी, तरंगतं बूच आणि त्याखाली केसांचं इवलंसं जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा, आमिषासारखा सजवलेला गळ. बूच लाटांवर हलतं, जिग जागच्या जागी थरथरतं. गारठलेल्या माशाला पाठलाग करावा लागत नाही.

आता खोलीची सर्वांत गंभीर बाब. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथला मासा वर ओढला की त्याच्या वाताशयातला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतला, वायू फुगून दुप्पट व्हायला बघतो. आपल्याकडच्या रोहू-कटल्यात वाताशयाला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, त्यामुळे ते तोंडावाटे वायू सोडू शकतात. बास आणि वॉलआयमध्ये ती नळी नसते. वायू रक्तात परत शोषला जायला तास लागतात, म्हणून हळू ओढून काही फरक पडत नाही. डोळे बाहेर येतात, जठर तोंडात येतं, सोडलेला मासा आडवा तरंगत राहतो. ते जठर टोचू नये, त्याने जखमच वाढते. वजन लावलेल्या चिमट्याने माशाला पुन्हा खोल नेऊन सोडणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

अमेरिकेत परवाना तर लागतोच, शिवाय अनेक तळ्यांत ठरावीक लांबीचा मासा परत सोडावा लागतो आणि लांबी कळते ती मासा वर आल्यावरच. म्हणून बाससाठी दहा मीटरच्या वरच राहावं. खाली गळ टाकायचा तर ठेवता येईल अशाच माशासाठी, आणि दिवसाला ठेवता येणाऱ्या माशांची मर्यादा भरली की तिथून होडी हलवावी.